पाना उचलण्याआधी

महाबळेश्वरात वर्षाला सरासरी साडेपाच हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि तो जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबरमध्ये कोसळतो. त्या दिवसांत हिरवळ कापायचं कुणाच्या मनातही येत नाही. गवत वाढत राहतं आणि मशीन शेडमध्ये ताडपत्रीखाली उभं असतं. खंडेनवमीला त्याला हळदकुंकू लागतं, आणि दिवाळीचे पाहुणे यायच्या आत लॉन सारखं करायला ते बाहेर निघतं. नेमकं तेव्हाच ते रुसतं. एक चाक ओढत नाही, किंवा सकाळी दोन्ही चाकं ठणठणीत असतात आणि अकराच्या सुमारास चढ आला की मशीन दम टाकतं. वाईहून किंवा साताऱ्याहून मिस्त्री बोलावला जातो. तो पंप उतरवतो, सील किट टाकतो, पंप परत बसवतो. चार दिवसांनी तक्रार तशीच. पंप मुळात चांगलाच होता हे कळेपर्यंत त्याच्यात धूळ गेलेली असते आणि तो खरोखरच बिघडायच्या वाटेला लागलेला असतो.

पुढची पानं अशा दुरुस्त्यांबद्दल आहेत. विषय झीरो-टर्न लॉनमोअरच्या हायड्रॉलिक बिघाडांचा. आपल्याकडे ही मशीनं अजून मोजकीच. मोठ्या हॉटेलांची आवारं, शाळांची मैदानं, एखादा हौशी बंगलेवाला. बाकी ठिकाणी ढकलायचं मशीन किंवा खांद्याला अडकवायचा ब्रश कटर. मग एवढ्या थोड्या यंत्रांसाठी एवढं लिहायचं कशाला, असा प्रश्न साताऱ्या-सांगलीच्या वाचकाला पडणं रास्त आहे. त्याचं उत्तर यंत्राच्या पोटात आहे, म्हणून आधी पोट पाहू.

झीरो-टर्नला स्टिअरिंग नसतं. चालवणाऱ्याच्या मांड्यांपुढे दोन दांडे असतात, डावा डाव्या मागच्या चाकाचा, उजवा उजव्या चाकाचा. एक पुढे ढकलला आणि दुसरा मागे ओढला की मशीन जागच्या जागी गिरकी घेतं. हे जमतं कारण प्रत्येक चाकाला स्वतःचा पंप आणि स्वतःची हायड्रॉलिक मोटर असते. इंजिन बेल्टने दोन्ही पंप फिरवतं. पंपात एका फिरत्या ब्लॉकमध्ये छोटे पिस्टन बसवलेले असतात आणि त्यांची टोकं एका तबकडीवर सरकत जातात. ही स्वॉश प्लेट. ती सरळ उभी असेल तर पिस्टन आतबाहेर होत नाहीत, तेल निघत नाही, चाक थांबलेलं. ती जितकी कलेल तितकं तेल निघतं, उलटी कलली की तेल उलट्या दिशेने वाहतं आणि चाक मागे फिरतं. दांडा म्हणजे त्या तबकडीची मूठ. गिअर नाही, क्लच नाही, रिव्हर्सची वेगळी व्यवस्था नाही.

ही कल्पना हिरवळीसाठी जन्मलेली नाही. १९०६ साली अमेरिकेच्या ‘व्हर्जिनिया’ या युद्धनौकेवर तोफा वरखाली करण्यासाठी तेलावर चालणारी अशी यंत्रणा बसवली गेली होती. गवत कापण्याच्या कामाला ती आली १९६०च्या दशकात, अमेरिकेच्या कॅन्सस-मिसुरी पट्ट्यात. तो मुलूख सपाट आहे आणि महाबळेश्वर नाही, हे लक्षात ठेवावं लागतं. बहुतेक कंपन्या दहा ते पंधरा अंशांहून तीव्र उतारावर हे मशीन नेऊ नका असं सांगतात. पुढची चाकं नुसती गरगर फिरणारी, म्हणून ओल्या गवतावर मागचं चाक घसरलं तर दिशा आणि ब्रेक दोन्ही एकदम जातात. आपल्याकडच्या कित्येक लॉनना हा नियम लावला तर अर्ध्या भागात ढकलायचं मशीनच बरं. मला तर ते बरंच वाटतं.

आता मूळ प्रश्नाकडे. हीच जोडी, तबकडीचा पंप आणि त्याला बांधलेली मोटर, पुणे-बंगळूर महामार्गावरून धावणाऱ्या प्रत्येक ट्रान्झिट मिक्सरच्या पाठीवर असते. काँक्रीटचा ड्रम तीच फिरवते. रस्त्याच्या रोलरमध्ये ती असते. ज्याला सगळे सरसकट बॉबकॅट म्हणतात तो स्किड लोडर तर झीरो-टर्नचा सख्खा भाऊ. दोन बाजू स्वतंत्र, जागेवर वळणारा. आणि ऊस तोडणारं हार्वेस्टर याच तत्त्वावर चालतं. कराड, वाळवा, पलूस, मिरज या पट्ट्यात तोडणी कामगार कमी पडू लागले तशी ही अवाढव्य यंत्रं फडात उतरली. गळीत हंगामात असं यंत्र एक दिवस उभं राहिलं तर मालकाचं, शेतकऱ्याचं आणि कारखान्याचं असं तिघांचं नुकसान होतं. हार्वेस्टरवर दुरुस्ती शिकणं परवडत नाही. लॉनमोअरवर परवडतं. भाग लहान, दाब त्या मानाने कमी, तेल दोन-चार लिटर, आणि चूक झाली तर फार तर एका हॉटेलचं गवत आठवडाभर वाढेल.

आपल्या मिस्त्रींचा हात बसलेला आहे तो ट्रॅक्टरच्या लिफ्टवर. ‘लिफ्ट उचलत नाही’ ही तक्रार ते झोपेतही सोडवतील. त्या अनुभवानेच इथे घोटाळा होतो. ट्रॅक्टरमध्ये तेल टाकीतून पंपात, पंपातून सिलिंडरमध्ये आणि तिथून परत टाकीत येतं. वाटेत गाळलं जातं, निवतं, बुडबुडे सोडून देतं. झीरो-टर्नमध्ये चाकाकडे गेलेलं तेल टाकीत येतच नाही. मोटरमधून निघून ते थेट पंपाच्या दुसऱ्या तोंडात शिरतं. पंप आणि मोटर यांच्यात ते बंद चक्रात फिरत राहतं आणि फक्त आतल्या फटींतून झिरपून जेवढं कमी होईल तेवढं, चार्ज पंप नावाचा एक छोटा पंप टाकीतून भरून काढतो. याचा अर्थ असा, की मोटर झिजू लागली तर तिचा चुरा गाळणीत न जाता आधी पंपात जातो. नुसती मोटर बदलून पाइप तसेच जोडले तर नवी मोटर जुन्या मोटरीचा चुरा खात बसते. दुसरं असं, की चार्ज पंपाला तेल ओढता आलं नाही तर मोठा पंप कितीही नवा असो, तो उपाशी राहतो.

ही दुसरी गोष्ट कृष्णाकाठच्या माणसाला समजावून सांगावी लागू नये. १९१० साली लक्ष्मणराव किर्लोस्करांनी औंध संस्थानातल्या माळावर कारखाना उभारला. ती किर्लोस्करवाडी आज सांगली जिल्ह्यात आहे आणि तिथल्या पंपांवर या खोऱ्यातल्या पिढ्या वाढल्या. मोटर चालू आहे पण पाणी येत नाही, अशा वेळी विहिरीवरचा शेतकरी पंप खोलत नाही. फूटव्हॉल्व पाण्याबाहेर आला का, त्यात पाला अडकला का, ओढणाऱ्या पाइपाचा जोड हवा घेतोय का, हे तो आधी बघतो. मग पंपात पाणी भरून हवा काढतो. म्हणजे ओढणारी बाजू आधी, फेकणारी नंतर. हाच माणूस तेलाच्या पंपापाशी आला की हा शहाणपणा विहिरीवर का ठेवून येतो, हे कोडं मला अजून सुटलेलं नाही. बहुधा दाबाचा धाक असावा. हायड्रॉलिक म्हटलं की सगळ्यांचं लक्ष जाड पाइपांकडे जातं, ओढणाऱ्या बारक्या नळीकडे कुणी पाहत नाही.

फरक आहे तो इतकाच, की विहिरीवरच्या सेंट्रीफ्यूगल पंपाचं पुढचं तोंड बंद केलं तर पाणी आतल्या आत घुसळत राहतं, लगेच काही फुटत नाही. पिस्टन पंपाचं तोंड बंद झालं तर दाब चढतच जातो आणि रिलीफ व्हॉल्वने वाट दिली नाही तर काहीतरी फुटतं. ओढण्याच्या बाबतीत मात्र दोघांची गत एकच. पंप ओढतो असं आपण म्हणतो, पण खरं पाहता टाकीतल्या तेलावरचा हवेचा दाब तेलाला पंपाकडे ढकलतो. आणि इथे महाबळेश्वर मध्ये येतं. समुद्रसपाटीपासून साडेतेराशे मीटरवर हवेचा दाब सुमारे पंधरा टक्के कमी असतो. पाण्याच्या भाषेत सांगायचं तर समुद्रकाठी हवा पाणी जास्तीत जास्त दहा मीटरवर चढवू शकते, तर इथे पावणेनऊच्या आसपास. अर्धवट तुंबलेली गाळणी सांगलीत कुरकुर न करता चालून जाते, तीच पसरणीचा घाट चढून आली की ओरडू लागते. त्यात नोव्हेंबर-डिसेंबरच्या सकाळी गारठ्याने तेल जड झालेलं. तेव्हा सकाळी सुरू करताच पंप शिट्टीसारखा वाजत असेल आणि ऊन चढल्यावर आवाज कमी होत असेल, तर गाळणी, नळी आणि तेलाचा ग्रेड यांच्याकडे बघायचं. पंपाला हात लावायचा नाही.

याच्या बरोबर उलट वागणारं मशीन जास्त दुर्दैवी. सकाळी गार असताना ते झकास चालतं, तासाभराने एक बाजू मंदावते, चढावर थांबते. अर्धा तास सावलीत उभं केलं की पुन्हा ताजंतवानं. गरम तेल पातळ होतं. पिस्टन आणि ब्लॉक यांच्यातली फट झिजून मोठी झाली असेल तर गार, घट्ट तेल तिच्यातून फारसं निसटत नाही. पातळ तेल निसटतं आणि चाकापर्यंत पोचतच नाही. निसटलेल्या तेलाची शक्ती जाते कुठे? तिची उष्णता होते. त्या उष्णतेने तेल आणखी पातळ होतं, आणखी निसटतं. एकदा हे चक्र सुरू झालं की ‘जाड तेल टाकून बघू’ हा सल्ला हमखास मिळतो. त्याने काही दिवस बरं वाटतं आणि सकाळचा उपाशीपणा वाढतो. म्हणजे एका आजारावर दुसरा.

तरीही, गरम झाल्यावर दम टाकणारं प्रत्येक मशीन झिजलेलंच असतं असं नाही, आणि या पुस्तिकेतला सगळ्यात लांब भाग त्याबद्दलच आहे. पंपावर एक छोटा पंखा असतो, खालच्या घरावर उष्णता सोडायच्या पट्ट्या असतात. आपल्या जांभ्याच्या तांबड्या मातीचा चिखल आणि ओलं गवत यांचा लेप त्यांच्यावर बसतो, वाळतो आणि पापुद्रा होतो. पंख्याची दोन पाती तुटलेली असतात आणि वर्षभर कुणी वाकून पाहिलेलं नसतं. किंवा बेल्ट. तेलाने माखलेला, चकाकी आलेला बेल्ट गार असताना पकडतो आणि तापला की घसरतो. बसलेल्या माणसाला ते हुबेहूब हायड्रॉलिकचं दुखणं वाटतं. बेल्ट ताणणारी स्प्रिंग ढिली झाली असेल तरी तेच. मशीन ढकलून नेताना उघडायचा बायपास नीट मिटलेला नसेल, हँडब्रेक एका बाजूला घासत असेल, तरी चाक ओढत नाही. एका बाजूच्या टायरात हवा कमी असेल तर मशीन सरळ जात नाही, आणि तेवढ्यासाठी उतरवलेले पंप मला माहीत आहेत. म्हणून पहिला प्रश्न नेहमी हा: दोन्ही बाजू अशक्त आहेत की एकच? दोन्ही एकदम बिघडल्या तर दोघींना सामाईक असलेलं आधी बघायचं, म्हणजे बेल्ट, तेलाची पातळी, गाळणी. एकच बिघडली तर त्या बाजूचा दांडा, जोडण्या, बायपास. एवढं करून झाल्यावर पंप आणि मोटर.

त्या दोघांतला गुन्हेगार कोण, हे पंप आणि मोटर वेगळे असलेल्या मशीनवर पाइप अदलाबदल करून कळतं. डावी बाजू अशक्त असताना डावा पंप उजव्या मोटरीला जोडला आणि अशक्तपणा उजवीकडे सरकला तर डावा पंप गेला. डावीकडेच राहिला तर डावी मोटर गेली. युक्ती फार चांगली आहे, पण तेलात धातूचा चुरा दिसला असेल तर ती करू नये. निरोगी बाजूलाही लागण होईल. पंप-मोटर एकाच घरात असलेल्या लहान मशीनवर हा मार्ग मुळातच नाही. तिथे लक्षणांवरच निदान करावं लागतं.

चुरा दिसला असेल तर, असं वर म्हटलं. तो दिसावा म्हणून तेल बघावं लागतं, आणि आपल्याकडे जुनं तेल न बघता ओतून देण्याची घाई असते. स्वच्छ काचेच्या बाटलीत थोडं तेल काढून रात्रभर ठेवलं तर ते पुष्कळ बोलतं. काढताना दुधाळ होतं आणि तासाभरात निवळलं, तर ती हवा. ओढणाऱ्या बाजूला कुठेतरी जोड सैल आहे. सकाळपर्यंत दुधाळच राहिलं, तर पाणी. चार महिने दमट शेडमध्ये उभ्या मशीनच्या टाकीत श्वासनळीतून ओली हवा शिरते, गारठ्यात तिचं दव धरतं आणि ते तेलात उतरतं. त्याहून जास्त पाणी धुताना जातं. प्रेशर वॉशरची धार टाकीच्या झाकणावर आणि सीलवर मारायची आपली सवय वाईट आहे. शंका असेल तर तापलेल्या तव्यावर एकच थेंब टाकावा, डोळ्यांना चष्मा लावून. चुरचुरला तर पाणी आहे. काळं आणि जळका वास येणारं तेल उष्णतेची कहाणी सांगतं. गाळणी कापून तिचा कागद उन्हात धरला आणि त्यावर पिवळी चमक दिसली तर पंपातले पितळी-कांस्याचे भाग झिजतायत. चुंबकाला चिकटणारा चुरा असेल तर पोलाद. ढोबळ नियम असा, की तेलाचं तापमान नेहमीपेक्षा दहा अंशांनी वाढलं की त्याचं आयुष्य निम्म्यावर येतं.

तेल बदलल्यावर मशीन मरगळलेलं वाटलं तर घाबरायचं नाही. बंद चक्रात हवा अडकलेली असते. मागची चाकं स्टँडवर उचलायची (नुसत्या जॅकवर नाही), बायपास उघडे ठेवून इंजिन हळू चालवायचं, दांडे सावकाश पाच-सहा वेळा पुढेमागे करायचे. मग बायपास मिटून पुन्हा तेच, आणि शेवटी तेलाची पातळी बघायची. ती उतरलेली असते. विहिरीवर पंपात पाणी भरण्याचाच हा प्रकार.

सुरक्षिततेबद्दल एक गोष्ट इथेच सांगतो, कारण मागच्या पानापर्यंत सगळे जात नाहीत. गळती कुठे आहे हे पाहायला पाइपावरून बोट फिरवायचं नाही. सात-आठ बारच्या दाबालाच बारीक भोकातली धार कातडी भेदू शकते, आणि या पाइपांत त्याच्या कितीतरी पट दाब असतो. जखम सुई टोचल्यासारखी दिसते, फारशी दुखतही नाही, म्हणून माणूस हात पुसून कामाला लागतो. आत शिरलेलं तेल मात्र स्नायूंमध्ये पसरत जातं आणि काही तासांत बोट, कधी हात, धोक्यात येतो. पुठ्ठ्याचा तुकडा धरावा, तेल त्यावर उमटतं. टोचलंच तर मलमपट्टी करत न बसता शस्त्रक्रियेची सोय असलेल्या मोठ्या रुग्णालयात लगेच जावं आणि डॉक्टरांना ‘दाबाचं तेल आत गेलंय’ हे स्पष्ट सांगावं.

जुन्या तेलाचं काय करायचं, हाही दुरुस्तीचाच भाग. वाळवी लागू नये म्हणून ते कुंपणाच्या डांबांना फासायची किंवा शेडमागे ओतायची रीत आहे. महाबळेश्वर-पाचगणीचा परिसर जानेवारी २००१ पासून पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र आहे; त्याहून साधी गोष्ट म्हणजे कृष्णा, कोयना आणि वेण्णा इथून खाली जातात आणि सातारा-सांगलीचं पिण्याचं पाणी त्यांच्यावर आहे. २०१६च्या नियमांनुसार वापरलेलं तेल हा घातक कचरा आहे. कॅनमध्ये साठवून परवानाधारक पुनर्प्रक्रिया करणाऱ्यापर्यंत पोचवणं हे वाई-साताऱ्याच्या गॅरेजांनी मिळून केलं तर खर्चही फारसा येत नाही.

मराठीत यंत्रांवर लिहिण्याची परंपरा याच जिल्ह्यांतली आहे. ‘किर्लोस्कर खबर’ १९२० मध्ये किर्लोस्करवाडीतून निघालं. पसरणीच्या पायथ्याला वाईत तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशींच्या संपादनाखाली मराठी विश्वकोश आकाराला आला. त्याचा पहिला खंड १९७६चा, आणि त्यात अभियांत्रिकीच्या नोंदी आहेत. पण यंत्र कसं चालतं हे सांगणारं जेवढं लिहिलं गेलं, तेवढं ते चालेनासं झालं तर कुठून सुरुवात करायची यावर लिहिलं गेलं नाही. तो सगळा व्यवहार तोंडी राहिला आणि मिस्त्रीबरोबर गेला. या पुस्तिकेत म्हणूनच पंपाची सुंदर छेदचित्रं कमी आणि तपासण्याचा क्रम जास्त आहे. भाषा गॅरेजमधलीच ठेवली आहे.

बॅटरीवरच्या नव्या झीरो-टर्नमध्ये प्रत्येक चाकाला विजेची मोटर असते. तिथे तेल नाही, म्हणून ती इथे नाहीत. हार्वेस्टर आणि मिक्सरचे दाब, पंपांचे आकार आणि इलेक्ट्रॉनिक नियंत्रण वेगळं असतं. त्यांच्यासाठी क्रम उपयोगी पडेल, आकडे पडणार नाहीत. शेवटच्या तक्त्यात तेलाचे ग्रेड आणि गाळणी बदलण्याचे तास दिले आहेत. मशीनबरोबर आलेल्या पुस्तिकेत वेगळं काही छापलेलं असेल तर तिचंच ऐकावं आणि आमच्या तक्त्यावर पेन्सिलीने काट मारून तो आकडा बाजूला लिहून ठेवावा.